ताईची काठी

पुरुषोत्तमनगर,
पाटाच्या मोरीवरून,
रविवार, ११ जानेवारी.

तीर्थस्वरूप रुखमाताईंना,
प्रमिलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पाकीट पाहून तुम्ही आधी ते उलटंपालटं कराल, मग चष्मा शोधाल, आणि चष्मा सापडेपर्यंत ‘हिला आता काय सुचलं’ असं दोनदा तरी म्हणाल. तोवर मी थांबते. फोन लावला की तुम्ही कापता, म्हणून हे पत्र. पत्र निदान फाडायच्या आधी अर्धं वाचलं जातं. अक्षर वेडंवाकडं आहे त्याला माझा इलाज नाही. कागद मांडीवर आहे आणि मांडीखाली मोरीचा दगड आहे.

इकडे सर्व ठीक. गहू निसवायला आलाय. कारखान्याचं गाळप जोरात आहे, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता ओलांडणं मुश्किल केलंय आणि वारं इकडचं असलं की मळीचा वास थेट देवघरापर्यंत येतो. चेतना सुरतेत मजेत आहे. तिची लेक आता बसायला लागली, व्हिडीओवर बोळकं दाखवते. थंडी मात्र यंदा सातपुड्यावरून अशी उतरली आहे की सकाळी हंड्याला हात लावायचा म्हणजे जिवावर येतं. खांडबाऱ्याला तुमच्याकडे झाडी जास्त, तिथे तर विचारायलाच नको. गुडघ्यांना मोहरीचं तेल लावता का? नसाल लावत. माझं तुम्ही कधी ऐकलंय!

बातमी म्हणाल तर ही, की तुमचे भाऊ पुन्हा गळ टाकायला लागले आहेत.

कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते तेव्हा वेळच नव्हता. गाळपाचे दिवस आणि माशांचे दिवस एकच. सगळा हिवाळा उसाच्या गाड्या तोलण्यात जायचा. गाडी लांबून दिसली तरी कोणत्या गावची, कोणाची, बैल कोणते, हे सांगणारा माणूस. अजून लोक त्यांना ‘काटेवाले आप्पा’च म्हणतात. आता रोज जेवण आटोपलं की पिशवी खांद्याला लावतात आणि पाट धरतात.

पाटाला गव्हाच्या पाळीचं पाणी येऊन गेलं, की वरचं दार बंद होतं. मग पाट उतरतो आणि मोरीखालच्या डोहात तेवढं पाणी राहतं. पाटभर हिंडणारे मोठाले रोहू थंडीत तिथेच तळाला जाऊन बसतात. पण हे मी तुम्हाला कशाला सांगते आहे? जागा तुमचीच. सासूबाईंना शेण गोळा करायला जातो सांगून तुम्ही दोघं बहीणभाऊ इथेच बसायचात, आणि रिकामी टोपली घेऊन घरी गेल्यावर मार मात्र तुम्ही एकट्या खायच्यात. आमच्या लग्नात ही गोष्ट तुम्ही मला चारदा सांगितली होती.

मी इतकी वर्षं चुलीपाशी बसून माशांच्या गप्पा ऐकल्या, पण गळ कधी हातात धरला नव्हता. यंदा शिकले. थंडीतला मासा आळशी असतो, तोंडाशी नेऊन ठेवलं तरच खातो. ऊन चढून पाण्यात उतरल्याशिवाय गळ टाकून उपयोग नाही. वाळवणाच्या बिबड्यांसाठी आपण ज्वारीचं पीठ आंबवतो ना, तसलं आंबट पीठ, त्यात ठेचलेला लसूण, त्याची बोराएवढी गोळी. तरंगायला ज्वारीच्या ताटाचा सोललेला तुकडा. पावसाळ्यात मासा तो तुकडा एकदम खाली ओढतो. थंडीत तो नुसता थरथरतो. तेव्हा हात उचलायचा नाही. परत थरथरेल, मग हळूच एका बाजूला कलेल, तेव्हा उचलायचा. माझ्यासारख्या घाईच्या बाईला ही फार मोठी शिक्षा आहे.

तर मी त्यांच्याबरोबर रोज येते. मोरीवर बसते. पहिल्यांदा लोकांनी मान वळवून वळवून पाहिलं. या वयात नवराबायको पाटावर! पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी उमाकांत तर मोटारसायकल थांबवून म्हणाला, “काकू, आते तुम्हीबी का?” मी म्हटलं, घरी टीव्ही बिघडलाय.

टीव्ही चांगला आहे, ताई.

जरा थांबते. त्यांनी पाणी मागितलं.

पाणी दिलं. आता लिहायलाच हवं, नाहीतर मी गहू आणि गुडघे यांच्यातच पानं संपवीन.

मागच्या पावसाळ्यात आमचे भाऊजी, तुमचे मालक, गेले, आणि दहाव्याला भाऊ म्हणून ज्याने माहेरची साडी घेऊन तुमच्या दारात उभं राहायचं, तो आला नाही. पाठचा एकुलता एक भाऊ. सगळ्या भाऊबंदांत तुमची मान खाली गेली. मी तेव्हा चेतनाच्या बाळंतपणाला सुरतेत होते. तिथून यांना फोनवर सगळं नीट सांगितलं होतं: साडी कपाटात वरच्या खणात आहे, पहिल्या गाडीने नंदुरबार, तिथून खांडबारा. संध्याकाळी मी फोन केला तर स्वच्छ आवाजात म्हणाले, “जाई ऊनू. ताईले साडी दी ऊनू.” जाऊन साडी देऊन आले म्हटल्यावर मी निश्चिंत झाले. आणि दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. तुम्ही जे बोललात ते तुमच्या जागी बरोबर होतं. मी म्हटलं, माझा माणूस खोटं बोलत नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, मग मी बोलते का खोटं? फोन ठेवलात तो ठेवलातच.

तुम्ही दोघं बहीणभाऊ खोटं बोलत नव्हतात. हे मला दिवाळीनंतर कळलं.

मोरीच्या भिंतीत वरच्या अंगाला एक कोरडा कोनाडा आहे. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही त्यात चिंचा लपवायच्यात. दिवाळीनंतर एकदा हे चहाच्या वेळीही परत आले नाहीत म्हणून मी शोधत इथे आले. हे बसलेले होते. शेजारी दुसरी काठी लावलेली, तिच्यापुढे माणूस नाही. मी विचारलं, ही कोणाची? म्हणाले, “ताईनी शे. ती येई ऱ्हायनी.” मला वाटलं, ताई येतेय म्हणून गंमत करतायत. संध्याकाळी त्यांनी काठ्या आवरल्या. स्वतःची तशीच कोनाड्यात टाकली. दुसरी मात्र आतून एक कापड काढून त्यात गुंडाळली, ओल लागू नये म्हणून, अगदी जपून. ती साडी होती, ताई. शहाद्याहून मी स्वतः निवडून आणलेली, पांढऱ्यावर बारीक निळी बुट्टी.

त्यांनी साडी तुम्हाला दिली होती. फक्त खांडबाऱ्याला नव्हती दिली. त्यांच्या डोक्यात ताई जिथे असते तिथे ते ती घेऊन गेले, आणि घरी येऊन खरं तेच मला सांगितलं.

ते विसरतात, ताई. चष्मा आणि किल्ली विसरतात तसं नाही. घरचा रस्ता विसरतात. जेवलेलं विसरतात. सासूबाई गेल्या हे विसरतात, आणि मग मला ते पुन्हा सांगावं लागलं की पुन्हा रडतात, म्हणून आता मी सांगणं सोडलंय. सासूबाई मळ्यात गेल्यात, येतील, असं म्हणते. गळाची गाठ मात्र विसरत नाहीत. ती अजून एका हाताने मारतात.

चेतनाला अर्धंच सांगितलंय. लहान बाळ आहे तिचं. शेजारी विचारतात तेव्हा बीपी वाढलंय म्हणते. तुम्हाला लिहायला पेन घेतलं की वाटायचं, ताईंना वाटेल ही दहाव्याचं निमित्त शोधते आहे. असं करत करत इतके महिने काढले.

नंदुरबारला डॉक्टरांना दाखवलं. भला माणूस आहे. त्याने कोणता महिना, कोणता वार असं विचारलं, काही आलं, काही नाही आलं. मग म्हणाला, “आजोबा, आजींचं नाव सांगा बरं.” हे लाजले. मान खाली घालून म्हणाले, “आमनाकडे नाव लेतस नही.” डॉक्टर हसला, सिस्टर हसली, म्हणाली उखाणा घ्या आजोबा! मीसुद्धा तोंडाला पदर लावून हसले. इतकं बरं वाटलं मला त्या दिवशी. एवढं विसरले पण रीत विसरले नाहीत, असं बसमध्ये सगळ्या रस्ताभर मनात घोळवत आले.

तुम्ही शहाण्या आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

आमचं लग्न झाल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. “ऐकस का वं?” म्हटलं की मी. मीही त्यांचं नाव लग्नातल्या आणि बारशातल्या उखाण्यांपलीकडे घेतलं नाही. आपल्यात कोण घेतं? त्यामुळे त्यांच्या मनातून माझं नाव कधी गेलं ते मला कळायला मार्गच नव्हता. ते “ऐकस का वं?” म्हणत राहिले आणि मी ओ देत राहिले. कोणत्या दिवसापासून ते घरातल्या एका बाईला हाक मारत होते, बायकोला नाही, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

कळलं ते मागच्या महिन्यात, सारंगखेड्याची यात्रा चालू होती तेव्हा. यांचा गळ डोहापुढच्या दगडांत अडकला, म्हणून पायजमा वर करून पाटात उतरले. घोट्याएवढं पाणी. तेवढ्यात उमाकांत मोटारसायकलवरून ओरडत गेला, “पानी सोडं! वर निंघा!” हरभऱ्यासाठी कोणी मागणी केली होती म्हणे. वरच्या वळणावर मला पाणी दिसलं. काडीकचरा पुढे ढकलत येत होतं, फार वेगाने नाही, पण थांबणारही नव्हतं.

मी ओरडले, “अहो! वर या!”

ते वाकून दोरी सोडवत होते.

“अहो, ऐकता का! पाणी आलं!”

पाणी पोटऱ्यांना लागलं तरी मान वर नाही. मी काय ‘अहो’ म्हणून ओरडते आहे, अहो तर सगळं जगच असतं. मी “आप्पा” म्हणून ओरडले. मग देवाचं नाव घेऊन त्यांच्या नावानेच “नवनीत!” म्हणून ओरडले. त्यांनी वर पाहिलं आणि पाटाच्या पलीकडे बघितलं, कोण नवनीत म्हणून. पाणी गुडघ्याला आलं होतं. मला उतरायची हिंमत होत नव्हती, पायाला उतार सापडत नव्हता. आणि कुठून सुचलं देव जाणे, तुम्ही भाऊबीजेला अंगणात शिरता शिरता त्यांच्या लहानपणच्या नावाने ओरडता ना, तस्सं मी ओरडले, “भिल्याऽऽ!”

झटकन वळले. “येस वं ताई, वरडू नको,” म्हणाले, आणि शहाण्या मुलासारखे काठ चढून आले.

मोरीवर बसून मी पदराने त्यांचे पाय पुसले. बर्फ झाले होते. ते माझ्याकडे बघत होते, इतक्या मायेने की मला गोंधळायला झालं. म्हणाले, “इतल्या रोज कथी व्हतीस वं ताई? काठी लाई ठी तुन्ही.”

इतके दिवस कुठे होतीस, विचारत होते. मी म्हटलं, “आले ना आता.”

नाही म्हणायला हवं होतं का? पण मग मी कोण, ते सांगावं लागलं असतं. आणि सांगूनही त्यांना ओळखू आलं नसतं तर मी कुठे गेले असते? म्हणून मी ताई झाले. त्या दिवसापासून पाटावर मी रुखमा आहे. तुमच्या काठीमागे बसते, तुमच्या नावाला ओ देते, तुमच्या वाट्याच्या शिव्याही खाते. मासा लागायच्या आधी हात उचलला की “तू ना ताई, धीरच नही तुले!” म्हणतात. तुम्हाला म्हणे लहानपणीही धीर नव्हता. हे मला त्यांनीच सांगितलं, तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत.

परवा माझ्या काठीला मोठा लागला.

दुपार कलायला आली होती, वारं पडलं होतं. ज्वारीचा तुकडा थरथरला. माझा हात उठणार, तोच यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. “थांब.” परत थरथरला. “थांब वं.” मी श्वास कोंडून बसले. ताई, इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी उघड्यावर माझा हात कधी धरला नव्हता. यात्रेच्या गर्दीतसुद्धा दोन पावलं पुढे चालायचे. आणि आता धरला होता तो तुमचा म्हणून. तरी मी तो सोडवून घेतला नाही. तो तुकडा आडवा झाला आणि ते म्हणाले, “आते!”

केवढा रोहू म्हणून सांगू! दोघांनी ओढून काठाला आणला. कोपरापासून बोटांपर्यंत हात धरला तरी शेपूट उरलीच. ओले खवले, लालसर पर, तोंड उघडझाप करतंय. माझ्या डोळ्यांपुढे तर काळ्या मसाल्याचा रस्सा उकळायलाही लागला. यांनी गळ सोडवला, मासा दोन्ही हातांत धरला, आणि एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाले, “इतला मोठा घर लई गयात ते माय मारी. तुलेच मारी वं ताई.” आणि दिला पाण्यात सोडून.

सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली! त्यांच्या भीतीने या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा मासा गेला. मी खूप हसले. तेही हसले. हसता हसता माझ्याजवळ सरकून बसले आणि आवाज खाली करून म्हणाले,

“ताई, आपला घरमा ती बाई ऱ्हास ना, ती चांगली शे वं. माले गरम भाकर देस. आंग पुसी देस. पन तिन्हं नाव काय शे? तिले इचारानं माले बरं नही वाटत.”



माझं नाव ओठांवर आलं होतं. पण ज्या तोंडाने मी रुखमा म्हणून ओ देते त्याच तोंडाने ते नाव सांगितलं, तर ते कोणा तिसरीचंच वाटलं असतं, मलासुद्धा. मी म्हटलं, आठवून सांगते. मग घरी आलो, मी भाकरी टाकली, गरम वाढली. त्यांनी माझ्याकडे बघून, परक्या घरी जेवताना पाहुणा हलवतो तशी मान हलवली.

एकटं वाटतं, ताई. घरात दोन माणसं असून वाटतं. आणखी चांगल्या शब्दांत मला ते लिहिता येत नाही.

मी मोजून पाहिलं तर त्यांना ‘भिल्या’ म्हणणारं आणि मला ‘प्रमिले’ म्हणणारं जगात आता एकच माणूस आहे, आणि ते आमचा फोन कापतं. चेतनाला आम्ही आई आणि पप्पा. गावाला आप्पा आणि काकू. तुम्ही बोलणं सोडलं तेव्हापासून या घरात आम्हा दोघांचंही नाव कोणी घेतलेलं नाही. त्यांचं मी घेतलं, पण ते तुमच्या आवाजात.

बुधवारी संक्रांत आहे. रुसवा सोडायला याहून चांगला दिवस मी कुठून आणू? या. दहाव्याची माफी मागायला ते उभे राहणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्यांनी साडी केव्हाच दिलेली आहे. ती कोनाड्यात आहे, थोडा लसणाचा वास लागलाय, मी धुतलेली नाही. तुम्ही स्वतः काढून घ्या. तुमच्या काठीमागे तुम्हीच बसा. कदाचित खऱ्या ताईला पाहून ते ओळखतील, कदाचित दोन ताया कशा म्हणून बुचकळ्यात पडतील. पडले तर मी उठून बाजूला होईन.

मग ते तुम्हाला तो प्रश्न विचारतील. नक्की विचारतील, तो त्यांच्या मनातून गेलेला नाही, काल पुन्हा विचारला. तेव्हा तुम्ही त्यांना सांगा. माझ्यासमोर सांगा, अंगणातून हाक मारता तेवढ्या मोठ्या आवाजात. एकदा ऐकून ते लगेच विसरले तरी चालेल. मी ऐकलेलं असेल.

ऊन कललं. ते काठ्या आवरतायत आणि तुमच्या नावाने हाका मारतायत. मला जावं लागेल.

आपली,
(वर खोडलं आहे ते वाचू नका. सवयीने तुमचंच नाव लिहायला निघाले होते.)
प्रमिला